थडग्यांवरचा रविवारचा राउंड

माझ्या मावससासूबाईंइतकं जिवंत माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्यांची सगळी ऊठबस मात्र मेलेल्या लोकांत होती. तीही काल-परवा गेलेली माणसं नव्हेत. चार-पाच हजार वर्षांपूर्वी गेलेली. उत्तर आयर्लंडच्या सहाही काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, डोंगरांवर, दलदलीत, कुणाच्या तरी गोठ्यामागे प्राचीन थडगी आहेत. माणसाहून उंच दगड उभे केलेले आणि त्यांवर हत्तीएवढी शिळा आडवी ठेवलेली. लोक ती आयुष्यात एकदा बघतात, फोटो काढतात आणि चहा कुठे मिळेल याची चौकशी करायला लागतात. मावशी दर रविवारी जात. तीस वर्षं बेलफास्टच्या एका हॉस्पिटलात त्या पुरुषांच्या वॉर्डच्या सिस्टर होत्या. त्यांच्या चाहुलीने कन्सल्टंटसुद्धा टाय सरळ करत. निवृत्त झाल्यावर वॉर्ड सुटला, पण राउंड काही सुटेना, तेव्हा त्यांनी तो थडग्यांवर सुरू केला. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "वेळ कुठे होता?"

त्र्याऐंशी साली मी लग्न होऊन ग्लासगोला आले. नवऱ्याने पहिल्याच महिन्यात मला त्याच्या या लाडक्या मावशीकडे नेलं. फेरीबोटीतून नुकतीच उतरलेली, अंगावर नवी कोरी साडी, आणि आता नव्या सुनेची ओटीबिटी भरतील या कल्पनेने मी दारात उभी. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पायांचं माप विचारलं. मग आतून हिरवे रबरी वेलिंग्टन बूट आणून माझ्या हातात ठेवले. तासाभरात मी साडी गुडघ्यापर्यंत खोचून टायरोन काउंटीतल्या कुठल्याशा चिखलात उभी होते आणि माहेरच्या माणसांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. थडग्याच्या तोंडाशी गेल्यावर तर कहर झाला. मावशींनी आपले बूट काढले, बोटाच्या पेराने दगडावर टकटक केलं, "येऊ का?" असं मराठीत विचारलं, क्षणभर थांबल्या आणि मग वाकून आत शिरल्या. मला हसू आवरेना. त्या तशाच वाकलेल्या मागे वळल्या आणि म्हणाल्या, "हसू नकोस. पेशंटच्या पडद्याआड न विचारता जायचं नसतं." जानेवारी महिन्यात ओल्या मोज्यांनी मीही आत गेले. काय करणार?

प्रत्येक थडग्याचा त्यांनी चार्ट ठेवला होता, अगदी पलंगाच्या पायथ्याशी अडकवतात तसा. 'डावीकडचा दगड किंचित कलला आहे. शेवाळ वाढलं. मेंढ्या आत येतात. प्रकृती स्थिर.' आत कुणी वेफर्सचं पाकीट टाकलेलं आढळलं की त्या असा आवाज लावत की अर्ध्या मैलावरचा शेतकरी आपलंच काही चुकलं की काय म्हणून बाहेर येई. गाडी त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकल्या, ती याच कामासाठी. रिव्हर्स गिअर त्यांना तत्त्वतः मान्य नव्हता. तिथल्या अरुंद रस्त्यांवर समोरून ट्रॅक्टर आला तर ट्रॅक्टरच मागे जाई. एकदा एका कुरणात साक्षात वळू उभा होता. मी फाटकावर चढून बसले. मावशी त्याच्यापर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, "चल, सरक बाजूला." तो सरकला. मराठी त्याला कळली की आवाजातली सिस्टर कळली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ते दिवसही साधे नव्हते, तिथली यादवी चालू होती. रस्त्यारस्त्यावर सैनिकांचे नाके असत, आणि बॉम्बच्या बातम्या ऐकून ग्लासगोतले आमचे मित्र मावशींना वेड्यात काढत. एका नाक्यावर सैनिकाने काच खाली करायला लावून कुठे निघालात म्हणून विचारलं. मावशींनी खरं ते सांगितलं, की एका मेलेल्या माणसाला भेटायला. तो जरा नरमला. कधी वारले, असं त्याने हळू आवाजात विचारलं. मावशी म्हणाल्या, पाच हजार वर्षं झाली असतील. त्यानंतर पाऊण तास आमच्या गाडीची झडती चालली. चार्टांची फाइल, घडीची खुर्ची, फ्लास्क, चिवड्याचा डबा, सगळं ओळीने रस्त्यावर मांडलं गेलं. मावशींनी तेवढ्यात त्या पोराच्या हाताला झालेलं गळू बघितलं आणि ते कधी कुणाला दाखवायचं याची तारीखसुद्धा ठरवून टाकली.

मिल्टन कीन्स या इंग्लंडातल्या नव्याने वसवलेल्या गावात माझे मोठे दीर राहतात. त्यांनी मावशींसाठी एक खोली कायमची तयार ठेवली होती. एकट्या बाईने त्या तसल्या मुलखात कशाला राहायचं, हा त्यांचा दर फोनवरचा विषय. माणूस प्रेमळ, पण आपलं तेच खरं म्हणणारा. मावशी एकदा आठवडाभरासाठी म्हणून गेल्या, तिथले सगळे गोल चौक फिरल्या आणि चौथ्या दिवशी परत आल्या. "छान आहे गं," मला म्हणाल्या, "पण त्या गावात सगळ्यात जुनी वस्तू मीच होते."

आता खरी गोष्ट सांगते. ब्याण्णव सालच्या वसंतात मावशी टायरोनमध्येच रस्ता चुकल्या आणि एका शेताच्या कोपऱ्यात कुंपणाच्या झुडपांत त्यांना पाच दगड सापडले. नकाशावर नाहीत, पुस्तकात नाहीत, पुरातत्त्व खात्याच्या यादीत नाहीत. मावशींनी जागेवरच चार्ट उघडला. मग कळलं, की शेतकरी तिथे गुरांसाठी नवी शेड बांधणार आहे आणि दगड काढायला मंगळवारी जेसीबीसारखा डिगर येणार आहे. मावशींनी सरकारी खात्याला फोन लावला. त्यांचा माणूस गुरुवारी येऊन बघणार होता. म्हणजे प्रश्न फक्त दोन दिवसांचा होता. सोमवारी त्यांचा मला फोन. "रजा टाक आणि ये. येताना घडीची खुर्ची आण, माझ्याकडे एकच आहे." मी फोनवर भांडले. दुकानात माझ्याशिवाय दुसरा फार्मासिस्ट नाही, तुमचं वय एकोणसत्तर, आणि ते दगड कुणाचे कोण! त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "अ‍ॅडमिट नाहीये म्हणून पेशंटला कॉरिडॉरमध्ये मरू द्यायचं का?"

मी खुर्ची घेऊन गेले. मंगळवारी दुपारी पोचले तर पाच दगडांच्या मधोमध मावशी विणकाम करत बसलेल्या, समोर पिवळा डिगर, आणि डिगरचा ड्रायव्हर आपल्या सीटवर बसून त्यांचं थालीपीठ खातोय. शेतकरी पंचेचाळिशीचा, लाल चेहऱ्याचा माणूस, कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या घालत होता. मी खुर्ची उघडून मावशींच्या शेजारी बसले, आणि रागाने बसले. पण राग त्यांच्यावरचा होता की त्याच्यावरचा, हे दहा मिनिटांत मलाच सांगता येईना. संध्याकाळी डिगर गेला की आम्ही गावातल्या बी अँड बीत, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, जात होतो आणि सकाळी तो यायच्या आत परत हजर.

बुधवारी दिवसभर पाऊस. दुपारी शेतकऱ्याचा धीर सुटला. पोलिसांना बोलावतो म्हणाला. मावशी म्हणाल्या, जरूर बोलाव, त्यांना म्हणावं कोरडे मोजे घेऊन या. मग तो जे बोलला ते त्याच्या तोंडून कधी ना कधी येणार हे मी धरूनच चालले होते. हे दगड माझ्या बापजाद्यांच्या जमिनीत आहेत, हा देशही तुमचा नाही, तुमचा यात संबंध काय? मी ताडकन उठले. नऊ वर्षं ग्लासगोच्या काउंटरवर हे वाक्य गिळत आले होते, आणि आता त्याचा सगळा हिशेब या एकट्या माणसाकडून चुकता करायचा माझा बेत होता. मावशींनी माझं कोपर धरून मला खाली बसवलं. विणकाम मांडीवर ठेवलं आणि अगदी शांतपणे त्याला म्हणाल्या, "या आत जो झोपलाय ना, त्याच्या हिशेबाने तू आणि मी, दोघंही कालच आलोय."

तो दगडांजवळ आला. मग म्हणाला, की आत कुणी असेल असं तुम्हाला खरंच वाटतं? मावशी म्हणाल्या, "हे दगड बघ. एकट्या-दुकट्याचं काम नाही. एका माणसासाठी वीस माणसं राबली असतील. माझ्या देखत एक डिगर येऊन ते मोडणार नाही." शेतकरी निघून गेला. तासाभराने त्याची म्हातारी आई ताडपत्री आणि गरम सूप घेऊन आली.

गुरुवारी खात्याचा माणूस आला. चांगला, सौम्य, अभ्यासू माणूस होता. त्याने टेप लावली, गुडघ्यांवर बसून माती खरवडली, होकायंत्र धरलं. दोन तासांनी उठला आणि त्याला हे सांगताना खरोखर वाईट वाटत होतं. हे थडगं नाही, म्हणाला. आत खोली नाही, वर दगडांचा ढीग असल्याची खूण नाही. कुणीतरी दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी शेत साफ करताना दगड कोपऱ्यात उभे केले असतील, नाहीतर मेंढ्यांसाठी आडोसा असेल.

मावशींनी विणकाम पिशवीत भरलं, खुर्चीची घडी केली, ताडपत्रीसुद्धा नीट दुमडली. मला त्यांच्याकडे बघवेना. मग खात्याच्या माणसासमोर ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नॉट येट."

त्याला अर्थ कळला नाही. शेतकऱ्याला कळला असावा, कारण तो ड्रायव्हरला हाक मारून म्हणाला, की शेड पलीकडच्या कोपऱ्यातही मावेल, आणि दोन दिवस वाया गेलेच आहेत तर आता घाई कशाला. गाडीत बसल्यावर मावशींनी माझ्याकडे वळून पाहिलं. "ऐकलंस ना? तू साक्षीदार आहेस," एवढंच म्हणाल्या, आणि आम्ही पुढच्या थडग्यावर गेलो, कारण राउंड राहिला होता.

सत्त्याण्णव साली मावशी गेल्या. त्यांच्याच जुन्या वॉर्डच्या वरच्या मजल्यावर, शेजारच्या बाईची उशी बदला असं नर्सला बजावून. दीर धावत आले, खूप रडले, आणि अस्थी नाशिकला न्यायच्या म्हणाले. रीत आहे, लोक विचारतील, शिवाय तुम्ही त्यांना कुठल्या तरी परक्या माणसाच्या शेतात ठेवणार? माझा नवरा म्हणाला दोघांचंही बरोबर आहे, आणि खिडकीबाहेर बघायला लागला. कलश माझ्या मांडीवर होता. मी दिरांना कधी उलटून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. म्हटलं, भाऊजी, गोदावरीत मावशी कुणालाच सापडणार नाहीत, आणि त्यांना ते चालायचं नाही. त्या पाच दगडांपाशी त्यांनी 'नॉट येट' म्हटलं होतं आणि मी साक्षीदार होते. शेवटी चमचाभर अस्थी त्यांच्या समाधानासाठी दिल्या. बाकीच्या घेऊन मी टायरोनला गेले.

शेतकऱ्याला आदल्या दिवशी फोन केला होता. त्याने पाच दगडांच्या मध्ये स्वतः खड्डा खणून ठेवला होता, कडा फावड्याने नीट कापलेल्या. काही म्हणायचं असतं का, असं त्याने टोपी काढून विचारलं. मला एकही मंत्र आठवेना. मी रडले आणि तो शेजारी उभा राहिला. मग दोघांनी मिळून माती लोटली.

परवा त्याचा फोन आला होता. कुणी दोघं जर्मन प्रवासी वाट चुकून शेतात आले होते. दगड बघून त्यांनी विचारलं, हे थडगं का? तो म्हणाला, हो. किती जुनं, असं विचारल्यावर तो म्हणाला, तसं नवीनच आहे अजून. मला सांगताना तो स्वतःशीच हसत होता, आणि मीही हसले. फोन ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला. मावशींचा नंबर अर्धा फिरवून झाल्यावर लक्षात आलं.