पाळणाघराचा नंबर आणि सायखेड्याची भाजी

मी तान्ही असताना माझं पाळणाघर म्हणजे सायखेड्याच्या बांधावरची एक बाभूळ होती. तिच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी. आमच्या तुकड्यावर घर भागत नसे, म्हणून आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. मुंगळे उतरू नयेत म्हणून झोळीच्या दोरीला रॉकेलची चिंधी बांधलेली असायची, आणि झोका द्यायला माझी थोरली बहीण. ती तेव्हा दुसरीत होती. मला सांभाळायला म्हणून चार दिवस शाळा बुडवली आणि ते चार दिवस कधी संपलेच नाहीत. मी बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली. ताईला अजून सहीपुरतंच लिहिता येतं.

पुढं मी नाशकात एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले. सातपूरच्या कारखान्यात फिटर असलेल्या माणसाशी लग्न झालं, दोन खोल्यांत संसार मांडला आणि नव्वदचं दशक संपता संपता मुलगी झाली. नोकरीत मी अजून कायम व्हायची होते. रजेवर निघताना साहेब म्हणाले होते, "बाई, ठरल्या दिवशी हजर व्हा. एक दिवस उशीर झाला तर मी काही करू शकणार नाही. तुमच्या खुर्चीकडं बघत चार जण उभे आहेत."

नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलायची. सासूबाई इगतपुरीच्या, भाताच्या आवणीचे दिवस, त्यांना बोलवायचं म्हणजे वर्षाच्या भाताला मुकायचं. आईला तर रानातून मान वर करायला फुरसत नव्हती. मग सगळ्यांनी मिळून तोड काढली: ताईची दहा वर्षांची पोरगी आणून ठेवायची.

"घरातल्या घरात होतंय," आई म्हणाली. "खाऊनपिऊन राहील, पोरीलाबी शहर दिसंल."

"आणि शाळा?"

"वर्षभरानं जाईल की परत."

मी म्हटलं, "माझ्या पोरीसाठी कुणाची शाळा सुटणार नाही. नोकरी सोडीन, पण हे नाही." हे मी फार तोऱ्यात बोलले. मग पाळणाघर शोधायला निघाले आणि तोरा आठवडाभरात उतरला.

सातपूरमधलं पहिलं पाळणाघर पिठाच्या गिरणीच्या मागच्या खोलीत होतं. गिरणीवाल्याचीच बायको चालवायची. स्वच्छ, मायाळू बाई, पण तिथल्या प्रत्येक पोराच्या भुवया पांढऱ्या होत्या. एवढीएवढीशी पोरं रिटायर झाल्यासारखी बसलेली. दुसऱ्या ठिकाणी आम्ही भरदुपारी गेलो तर सगळी मुलं ओळीनं गाढ झोपलेली. आमच्याशी बोलताना बाईंच्या हातून पातेलं पडलं, तरी एकही दचकलं नाही. नवरा बाहेर येऊन म्हणाला, "आमच्या खात्यात तिसऱ्या पाळीलासुद्धा इतकं कुणी झोपत नाही. चल इथून."

शेवटी ऑफिसातल्या एका बाईंनी कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीतलं एक नाव सांगितलं. दुमजली इमारत, वरच्या मजल्यावर पाळणाघर. चालवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. दाराला लोखंडी जाळी, जाळीच्या आत चपलांची सरळ रांग, भिंतीवर वेळापत्रक. मुलं जागी होती, हसत होती, भुवया काळ्या होत्या. मला ते घर बघताक्षणी पसंत पडलं. बाईंना मी पडले नसावे.

"नाव कधी घातलं होतं?" त्यांनी विचारलं.

"आता घालतेय ना."

"आता? लोक पाचव्या महिन्यात येऊन नाव घालून जातात."

"बाई, पाचव्या महिन्यात आम्ही शेजारणीलासुद्धा सांगितलं नव्हतं. आमच्यात मूल जन्मायच्या आधी घरात टोपडंसुद्धा आणत नाहीत. नाव कुठलं घालणार?"

"मग थांबावं लागेल. दहाच मुलं घेते मी. तुमच्या पुढं तीन जण आहेत, तुमचा चौथा. नंबर लागला की कळवीन."

मी चष्म्यातून बघणाऱ्या बाईंपुढं मान डोलावली आणि आले.

ही हकीकत मी वडिलांना सांगितली. त्यांना आम्ही दादा म्हणतो. ते एक दिवसाआड पंचवटीच्या मार्केटला भाजी घेऊन यायचे आणि माल उतरवला की नातीला बघायला सातपूरला चक्कर मारायचे. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि टोपी सारखी केली.

"म्हंजी भरलेल्या गाडीत जागा करायची हाय. त्याला काय लागतंय? पत्ता सांग."

"दादा, वशिला लावायचा नाही. मी कुणाला वांगंसुद्धा न देता नोकरीला लागलेय."

"वशिला कुठला? घरची भाजी हाय. मानसानं मानसाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढंच."

दादांपुढं पदवी चालत नाही. मी पत्ता दिला. त्या दिवसापासून दर खेपेला एक पिशवी कॉलेज रोडला पोचू लागली. फ्लॉवरचे दोन गड्डे, कोथिंबीर, दोडके, जे रानात असेल ते. आणि दादा येऊन वृत्तांत द्यायचे.

"पाळणाघरवाली लय मायाळू हाय गं. मला च्या पाजला."

मला आश्चर्य वाटलं. मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

पुढच्या खेपेला: "ती म्हनली, मेथी जरा कोवळी आना. पोटाला बरी."

त्याच्या पुढच्या खेपेला दादा तिच्याकडून बाळंतशोपाची पुडी घेऊन आले. "म्हनली, पोरीला द्या, दूध वाढतं."

मी खूश. दर आठवड्याला मी मुलीला खांद्यावर टाकून बाईंकडं जायचे, म्हटलं आता नंबर सरकला असेल. बाई जाळीतूनच बोलायच्या. "चौथाच आहे. घाई करू नका." पुन्हा गेले, तरी चौथा. भाजीचा शब्द नाही, मेथीचा नाही, शोपेचा नाही. डोळ्यात ओळखसुद्धा नाही.

"मुरलेली बाई आहे," नवरा म्हणाला. "नंबर लागला की भाजी बंद होणार, हे तिला कळतंय. ती कशाला लावेल नंबर? तू दहावीला जाईपर्यंत पोरगी चौथीच राहणार."

"मी कशाला दहावीला जाईन?"

"अगं पोरगी, पोरगी दहावीला जाईल." रात्रपाळी करून आलेल्या माणसाशी बोलताना एवढं चालवून घ्यावं लागतं.

रजेचा शेवटचा आठवडा लागला. आईनं निरोप धाडला की ताईच्या पोरीची पिशवी भरून ठेवलीय, म्हणशील त्या दिवशी पाठवते. तो निरोप ऐकला आणि माझं डोकं सणकलं. तशीच उठले, मुलीला उचललं, रिक्षा केली आणि कॉलेज रोड गाठला.

बाई नेहमीसारख्या जाळीशी आल्या. "चौथाच—"

"बाई, एक विचारू? दोन महिने आमची भाजी चालते, मग आमची मुलगी का चालत नाही?"

"कसली भाजी?"

"फ्लॉवर. कोथिंबीर. तुम्ही सांगितली तशी कोवळी मेथी."

बाईंनी चष्मा काढला. "हे बघा, मला वाताचा त्रास आहे. या घरात सहा वर्षांत फ्लॉवर शिजलेला नाही. आणि मी पालकांकडून पेनसुद्धा घेत नाही. तुम्ही काय आरोप करताय माझ्यावर?"

आतली दहा पोरं गप्प झाली. माझ्या खांद्यावरची अकरावी मात्र भोकाड पसरून रडायला लागली. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरले. कान तापलेले, डोळ्यात पाणी. खालच्या मजल्याचं दार सताड उघडं होतं. दारातल्या खुर्चीवर एक थोराड, हसऱ्या मावशी मेथी निवडत बसल्या होत्या.

मी ती मेथी ओळखली. आमच्याकडं जुडी केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधतात आणि गाठ मागं घालतात. गाठ मागं होती.

"मावशी, ही मेथी कुठली?"

"सायखेड्याची," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडं, मग रडणाऱ्या मुलीकडं बघितलं आणि परात बाजूला ठेवून उभ्याच राहिल्या. "अगं बाई! म्हणजे हीच का ती नात? आजोबांचंच नाक की! कधीची वाट बघतेय मी. आजोबा दर वेळी सांगतात, नातीवर नजर असू द्या. मी म्हणते, असू देते हो, पण नात आहे कुठं?"

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. दादा पहिल्यांदा आले तेव्हा मावशींची लेक बाळंतपणाला आलेली होती. अंगणातल्या दोरीवर लंगोट वाळत होते, आत पाळणा हलत होता, दार उघडं होतं. चिखलाच्या पायांनी फरशीचा जिना चढणं दादांना बरं वाटेना. त्यांनी विचारलं, "हेच ना पोरांचं घर?" मावशी म्हणाल्या, "हो, या." झालं. मावशींना वाटलं, नातीला वर ठेवणार आहेत, खाली कुणी ओळखीचं असावं म्हणून म्हातारा भाजी देतोय. शहाणा माणूस.

"आणि तुम्ही दोन महिने खाल्लीत?" मी विचारलं. माझं तोंड आधीपासूनच असं आहे.

"खाल्ली की! घरी आलेल्या भाजीला नाही म्हणू?" त्यांनी मुलीला माझ्या हातातून घेतलं. ती हुंदका देऊन गप्प झाली. "लेक गेल्या रविवारी सासरी गेली. पाळणा सोडायला माझा हात धजेना. यांना दिवसभर ऑफिस. घर खायला उठतंय."

मी वरच्या जिन्याकडं बघितलं. "पण तुमच्याकडं नंबर?"

"कसला नंबर? सोमवारपासून आण. दुपट्याचे चार तुकडे दे आणि भाजी चालू ठेव."

"आणि पैसे?"

"ते बघू. आजोबांना म्हणावं, दोडके पुरे झाले आता."

संध्याकाळी दादा आले तेव्हा मी सगळं सांगितलं. मला वाटलं, चुकल्याचं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी बशीत चहा ओतला.

"चुकलं कुठं? लागली ना पोर? तू गेलीस जाळीच्या दाराला. मी गेलो उघड्या."

"दादा, तुम्हाला घर चुकलं होतं."

"मग तुझं बरोबरचं घर काय कामाला आलं?"

नवरा हसता हसता उलथा झाला. वरच्या बाईंकडं जाऊन मी माफी मागून आले. त्यांनी यादीतला माझा नंबर मात्र खोडला नाही. वर्षभरानं खरंच कळवलं, की लागला.

ठरल्या सोमवारी मी साहेबांच्या आधी ऑफिसात पोचले आणि हजेरीपटावर सही केली. ताईच्या पोरीची शाळा एक दिवसही बुडाली नाही. माझी मुलगी तीन वर्षं मावशींकडं राहिली. रुजू झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी नोकरीत कायम झाले.