छपाई संपली अन् बैल उधळले

बन्सीधरला एका जागी बसता येत नसे. परभणीत सकाळी शिकवण्या, दुपारी दत्तरावांचं संगणकाचं दुकान, संध्याकाळी विमा. जेवतानाही मध्येच उठून पंख्याचं बटण पाहून येई. बायको कावेरी म्हणायची, "अवो, घास तरी एका ठिकाणी बसून गिळा." असा हा माणूस १९९३ साली, यंत्रानं मात्र एका वेळी एकच काम करावं, या मताचा होता.

कारण त्यानं शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा खेळ बनवला होता. पडद्यावर दोन बैलजोड्या पळत. एक यंत्राची, एक आपण बटणं दाबून हाकायची. दुकानातून घरोघरी जाणाऱ्या प्रत्येक संगणकात हा खेळ जावा, एवढीच त्याची इच्छा. दत्तरावांनी मात्र पाटी रंगवून ठेवली होती : 'एकाच वेळी चार कामे'. ते म्हणाले, "पत्र उघडं, घड्याळ चालू, छपाई चालू अन् त्यातच तुझा खेळ. चालला तर देऊ."

चारी कामं सुरू केली की बैल लंगडत. यंत्र आपला वेळ चौघांत वाटी आणि बैलांच्या वाट्याला उष्टं येई. मग बन्सीधरनं खेळाचा वेग वाढवत नेला. शेवटी त्या ओझ्याखालीही जोडी पळाल्यासारखी दिसू लागली.

मानवतचे कापसाच्या जिनिंगवाले मुंजाजीशेठ घरासाठी संगणक बघायला आले. शेठ जोडी हाकू लागले, शेजारी प्रिंटर करकरत होता. शर्यत रंगात आली आणि छपाई संपली. तिचा मोकळा झालेला वेळ बैलांना मिळाला.

"बैल कुठं गेले?" शेठ पडद्यामागं वाकून बघायले.

"पोचले," बन्सीधर म्हणाला.

"आत्ताच तर निघाले व्हते!"

दत्तराव गडबडीनं म्हणाले, "आणखी एक कागद छापायला लाव रे. येतील ताब्यात."

"म्हंजे खेळायचं तर कागद छापत बसायचं?"

"हो," दत्तराव म्हणाले. त्यांना प्रिंटरही विकायचा होता.

बन्सीधरचा पाय नुसता हलत होता. "न्हाई शेठ," तो एकदम बोलला, "बाकी सगळं बंद करतो. मग बघा." दत्तरावांकडं न बघता त्यानं पत्र मिटवलं, घड्याळ मिटवलं, वेग मूळचा केला. बैल बैलांसारखे पळाले.

"पण मग बाकीची कामं?" गिऱ्हाइकानं विचारायचं ते दत्तरावांनीच विचारलं.

"ऱ्हाऊ द्या बंद," शेठ नजर न हलवता म्हणाले. "पट असला की आमची जिनिंग बी बंदच ऱ्हाते. घेतो मी. खेळासकट."

दत्तरावांनी मान हलवली : दे.

बन्सीधर फ्लॉपी घेऊन धावला. "शेठ, तुमच्या संगणकासाठी खेळ हिच्यात उतरवायचा तर शर्यत थांबवावी लागंल. न्हाईतर बैल पुन्हा लंगडतील."

"शर्यत नका थांबवू. तुमीच थांबा."

बन्सीधर थांबला. फ्लॉपी या हातातून त्या हातात करत. शेठ लय हरायले होते, आणि हरणारा माणूस उठत नाही, हे खेळ बनवताना त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.