रिंगवरचा मानकरी

टोकावड्याच्या धाब्यावर गावठी कोंबड्याच्या रश्श्याचा वास आला की मला आमच्या खळ्यावरचा बास्केटबॉल आठवतो. शेतात चेंडू उसळत नाही, म्हणून भात झोडून झालं की आम्ही सारवलेल्या खळ्यावर खेळायचो. शिकवायचा बंडूमामा. एका मोसमात उत्तम नव्या खेळाडूला बक्षीस म्हणून त्याने एक कोंबडा आणून रिंगच्या खांबाला बांधला.

नवे आम्ही दोघंच, मी आणि किसना.

"रिंगमध्ये बॉल किसनाच टाकतो, कोंबडा त्यालाच द्या!" त्याची काकी म्हणाली.

"आन् त्याच्या हातात आणून देतो कोण? माझा पोरगा!" आई कडाडली.

"देतो ना, पण अर्धा टाइम बॉल वहाळाच्या पाण्यात!" काकी म्हणाली.

दोन्ही घरी वाटण तयार होतं, त्यामुळे कोणीच मागे हटेना. एवढ्यात दोरी सुटली आणि कोंबडा फडफडत थेट रिंगवर जाऊन बसला.

मामा वर बघत म्हणाला, "रिंगपर्यंत उडालेला आपला पयला खेळाडू हाच. आन् हा पन नवाच हाय. बक्षीस यालाच!"

मग मानकऱ्याला कापणार कसं? दोन्ही घरांनी नुसतं वाटण भाकरीला लावून खाल्लं.

तेव्हा मला रडू आलं होतं. आता रस्सा ओरपताना निकाल पटतो. आम्ही दोघं कोंबड्यासाठी खेळलो होतो, तो जिवासाठी.