नखाखालचा ठणका आणि दहाव्याचा कावळा

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. आजही मानत नाही. तरी लिहितेय, कारण जे घडलं ते भर उन्हात, सगळ्या भावकीसमोर घडलं.

मुळशीतलं भरे हे माझं सासर. पानशेतचं धरण फुटायच्या आधीचा काळ. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात, नखाखाली ठणका लागायचा. बाहेरून काही दिसत नसे — ना सूज, ना जखम. पण भातलावणीला गार चिखलात हात घातला की कळ थेट खांद्यापर्यंत जायची. नखाला लुगड्याचा काठ घासला तरी डोळ्यांत पाणी यायचं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या सगळ्यांना सांगायच्या, "काम आलं की हिचं बोट दुखतंय. सोंगं नुसती!"

मग कुणीतरी बाधा म्हणालं. देवऋषी आला, अंगारा लावायला त्यानं माझा हात धरला. मी हिसकावून घेतला. "मला बाधा न्हाई. बोटात कायतरी हाय. दवाखान्यात न्या."

"मी जिती हाय तवर हिला पुण्याला न्यायची न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. मालक आईच्या शब्दाबाहेर नव्हते.

अशीच काही वर्षं गेली... आणि आत्याबाई अचानक वारल्या.

दहाव्याला मुळेच्या काठी पिंड ठेवला. झाडावर कावळे भरपूर, पण एक खाली उतरेल तर शपथ! मालकांनी हात जोडले, "आई, तुजी म्हस इकनार न्हाई." काही नाही. "धाकट्या भनीचं लगीन थाटात करीन." तरी नाही. ऊन चढलं. शेवटी मामेसासरे माझ्याकडे वळले, "सूनबाई, तुज्यापायीच आडलंय. नाक घास, माफी माग."

माझं डोकंच फिरलं. बायकांतून पुढे गेले आणि दुखरं बोट पिंडासमोर धरलं.

"माफी मागनार न्हाई! आत्याबाई, म्या सोंग केलं न्हाई. ह्ये बोट दुखतंय, आन् म्या पुण्याला जाऊन कापून घेनार. आता तुमाला काय म्हनायचं ते म्हना!"

तोंडातला शब्द संपतोय, तोच एक कावळा सरळ खाली आला. माझ्या हातापासून वीतभरावर... पिंडाला चोच मारली आणि खातच राहिला.

मालक एवढंच म्हणाले, "तेरावं झालं की जाऊ."

पुण्याच्या डॉक्टरांनी टाचणीच्या डोक्यानं नख दाबून पाहिलं. एका जागी मी किंचाळले. नख काढलं, तर खाली मसुराएवढी तांबडी गाठ. तीही काढली. "कॅन्सर नाही बाई," ते म्हणाले. "पण एवढीशी गाठ माणसाला वेडं करते."

पुढच्या पावसाळ्यात भाताचं अख्खं खाचर लावलं. कळ आली नाही.

मालक शेवटपर्यंत म्हणायचे, "आईनं परवानगी दिली." मी म्हणायचे, "परवानगी मागितली कुनी? म्या सांगितलं हुतं." भुकेला कावळा तेवढा वेळ का थांबला आणि नेमका तेव्हाच का उतरला, ते मात्र मला अजून उमगलेलं नाही.