भोंग्याचे कापलेले श्वास

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला मिळतं म्हणून वाचते. आवाज हा माझा धंदा आहे. कुणी म्हणालं की माळ्यावर पावलं वाजतात, तर मी आधी विचारते, पाण्याचा पंप कुठे आहे? पळसदरीला एका बंगल्यात 'बाई रडते' म्हणून मालक हवालदिल झाले होते. मी गेले, थोडा वेळ कान देऊन बसले, बाई सापडली — टाकीचा गंजलेला व्हॉल्व्ह होता. तेव्हापासून गावात मला 'भूत उतरवणारी शीतल' म्हणून चिडवतात. तर अशा बाईवर ही वेळ आली. आता हसायची पाळी तुमची.

मी कर्जतजवळच्या कडावची. रॅपवाल्यांसाठी बीट, म्हणजे गाण्याखालचा ठेका, बनवते, गाणी रेकॉर्ड करून मिक्स करते. स्टुडिओ म्हणजे आमची बंद पडलेली भातगिरण. यंत्रं काढली आणि चारही भिंतींना तुसाने भरलेली पोती छतापर्यंत रचली. आवाज शोषायला भाताच्या तुसासारखी दुसरी चीज नाही. दार लावलं की आत स्वतःचं पोट गुरगुरलेलंही ऐकू येतं.

दोन जुन्या जाणत्या रॅपरना एकत्र आणून एक अख्खा अल्बम करायचा, हे माझं फार दिवसांचं वेड. एक आमच्या कडावचा अशोकदादा, दुधाची डेअरी चालवतो, स्टेजवरचं नाव भोंगा. दुसरा लोधिवलीचा विजूदादा, टेंपोवाला, स्टेजवर विखार. दोघंही पन्नाशीला टेकलेले. आमच्या भागात रॅप म्हणजे काय ते कुणाला माहीत नव्हतं तेव्हा हे दोघं गणपतीच्या मांडवात उभे राहून पोरांना वेड लावायचे. मी त्या पोरांमध्येच होते.

मग एकदा खोपोलीच्या कार्यक्रमात भोंगा ओळीच्या मध्ये श्वास घ्यायला थांबला, आणि विखारने तेवढ्यात त्याची ओळ उचलली. ओळ कसली, त्याचं अख्खं कडवं म्हणून टाकलं. पब्लिकने शिट्ट्या मारल्या. भोंगा स्टेजवरून खाली उतरला तो परत विखारशी बोललाच नाही. वर्षं गेली. मी दोघांना अल्बमसाठी विचारलं तेव्हा दोघांनाही खात्री होती की दुसरा येणार नाही, म्हणून दोघंही हो म्हणाले.

रेकॉर्डिंग मस्त झालं. दोघं एकमेकांशी थेट बोलत नव्हते, जे काही असेल ते माझ्यामार्फत. पण माईकसमोर आग होती. अडचण एकच... अशोकदादाचा श्वास. ओळ सुरू करायच्या आधी तो असा श्वास ओढायचा की लोहाराचा भाता चाललाय असं वाटावं.

"शीतल, त्याला सांग, ते वारं तेवढं काढून टाक म्हणावं," विजूदादा म्हणाला. "गाणं हाय का पंक्चरचं दुकान?"

"त्याला सांग," अशोकदादा म्हणाला, "माजा श्वास हाय. त्याला नाय जमायचा."

श्वास काढणं हे आमच्या कामात रोजचंच आहे. रेकॉर्ड झालेला आवाज पडद्यावर दिसतो, दोन ओळींच्या मध्ये श्वासाचा छोटासा फुगवटा दिसतो. तो निवडायचा, बटण दाबायचं, गेला. बरेच जण नुसता हळू करतात. मी यावेळी सगळेच मुळासकट काढायचं ठरवलं, म्हणजे ओळी तोफेसारख्या एकामागून एक येतील. आणि माझी एक खोड आहे — गाणं साफ करून सेव्ह केलं की मूळ रेकॉर्डिंग उडवून टाकते. डिस्कवर जागाच नसते. असं करू नये हे मला शिकवणाऱ्याने शंभरदा सांगितलं होतं.

पहिलं गाणं साफ केलं त्याच सकाळी अशोकदादा डेअरीत दुधाचा कॅन उचलता उचलता खाली बसला. दम लागला म्हणे. दुपारी उठून कामालाही लागला. पुढच्या आठवड्यात दुसरं गाणं साफ केलं, त्या दिवशी तो मोटारसायकल रस्त्याच्या कडेला लावून बांधावर बसलेला सापडला, ओठ काळेनिळे. कर्जतच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, हृदयाचा आलेख काढला. सगळं नॉर्मल. "सिगरेट-बिडी कायम बंद ठेवा," म्हणाले. अशोकदादाने आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. विड्या विजूदादा ओढतो, बंडलच्या बंडल.

मला तेव्हाही काही वाटलं नाही. वय झालं, म्हशी सांभाळायच्या, दगदग... माणूस थकतो.

तिसऱ्या गाण्याच्या वेळी दोघंही स्टुडिओत होते. दुपारची वेळ. मी हेडफोन लावून पडद्यासमोर, विजूदादा दाराशी, अशोकदादा माझ्या पाठीमागे पोत्यावर चहा पीत बसलेला. मी पहिला श्वास निवडला, बटण दाबलं. मागे कप पडला.

वळून पाहिलं तर अशोकदादा तोंड उघडून बसला होता आणि आत काहीच जात नव्हतं. छाती हलत होती, हवा जात नव्हती. मला काय सुचलं कुणास ठाऊक... माझा हात सवयीने 'अनडू'वर गेला, म्हणजे आत्ता केलेलं मागे घ्यायचं. पडद्यावर श्वासाचा फुगवटा परत आला आणि मागून तोच ओळखीचा भाता ऐकू आला. लांब, घरघरणारा.

"काय झालं रं?" विजूदादा. इतक्या वर्षांत त्याने अशोकदादाला थेट विचारलेली ही पहिली गोष्ट.

"ठसका लागला."

मी भूत उतरवणारी शीतल. मला योगायोग खोडून काढायचा होता. अशोकदादा आता विजूदादाकडे वळून, माझ्याकडे पाठ करून बसला होता, पडदा त्याला दिसत नव्हता, आवाज फक्त माझ्या हेडफोनमध्ये होता. मी गाण्याच्या शेवटाकडचा एक श्वास निवडला आणि पुन्हा बटण दाबलं.

तो पोत्यावरून खाली घसरला.

"माघारी आण," विजूदादा माझ्या कानाशी ओरडला. दारातून पुढे येऊन त्याने पडदा पाहिला होता. "आण ना माघारी, शीतल."

मी आणला. अशोकदादा उठून बसला, पण यावेळी घरघर थांबेना. संध्याकाळपर्यंत त्याला झोपताही येईना, आडवं झालं की गुदमरायचा. त्याच्या बायकोने, रेखावहिनींनी, त्याला कर्जतच्या दवाखान्यात नेलं. बोटाला लावायचं यंत्र ऑक्सिजन चांगला दाखवत होतं, आणि माणूस डोळ्यांदेखत हवेसाठी भांडत होता. डॉक्टर मुंबईला हलवायचं म्हणू लागले.

विजूदादाने मला दवाखान्याच्या आवाराबाहेर टेंपोजवळ गाठलं.

"त्या दोन गाण्यातले श्वास परत घाल."

"नाहीयेत," मी म्हणाले. "मूळ रेकॉर्डिंग उडवलं."

"समदं?"

"सगळं." मला रडू फुटलं. लाज वाटली, कारण माझं एक मन अजूनही म्हणत होतं, शीतल, तू वेडी झालीस, चाळिशीच्या बाईने असल्या गोष्टींवर रडू नये.

"तिसऱ्या गाण्यातले काढून तिथं चिकटव."

"तिथले काढून? त्यातला एकच काढला तर काय झालं, पाहिलंस ना." कॉपी करता आले असते, हे मला तेव्हा सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी त्या फुगवट्यांना हात लावायची माझी हिंमत नव्हती.

तो विडी पेटवायला गेला, पेटवली नाही. "मग माजे घाल," म्हणाला.

आम्ही टेंपोतून कडावला आलो. दार लावलं. विजूदादा हेडफोन लावून माईकसमोर उभा राहिला आणि मी त्याला अशोकदादाचं कडवं ऐकवलं. त्याला एक शब्दही बोलायचा नव्हता. जिथे अशोकदादा थांबायचा तिथे थांबून फक्त श्वास घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या माणसाने एकदा अशाच जागी थांबायचं सोडून दुसऱ्याचं कडवं हिसकावलं होतं, तो डोळे मिटून एकेका ओळीला थांबत होता, आणि जागा चुकली की स्वतःच म्हणायचा, "परत लाव. लवकर घेतला." विजूदादाचं नाक लहानपणी चेंडू लागून वाकडं झालंय, त्याच्या श्वासाच्या शेवटी बारीक 'टुक्' असा आवाज येतो. तो साफ करायची माझी हिंमत झाली नाही. जसे आले तसे बसवत गेले.

दुसऱ्या गाण्यातला शेवटचा श्वास बसवला, सेव्ह केलं, आणि दोघंही मोबाईलकडे बघत बसलो. फोन करायचं धाडस कुणालाच होईना. फोनच वाजला. रेखावहिनी.

"अगं, हे झोपले."

मी फोन स्पीकरवर टाकला. "झोपले म्हणजे काय, वहिनी?"

"झोपले म्हंजे झोपले. आडवे झाले. घोरतायत. तुमी जेवलात का?"

विजूदादा पोत्याला डोकं टेकून ढसाढसा रडला. मी पाठ फिरवून वायरी गुंडाळत बसले.

अशोकदादा दोन दिवसांनी घरी आला. अल्बमही आला. ऐकणारे लिहितात की भोंग्याच्या आवाजात अजून जीव आहे, त्याचे श्वाससुद्धा ऐकू येतात. त्या गाण्यांच्या फाईलींच्या प्रती मी तीन डिस्कवर करून तीन घरांत ठेवल्या आहेत. डिस्क कधी ना कधी जातेच, हे धंद्यातलं कुणीही सांगेल, आणि तो विचार मला अजून झोपू देत नाही.

डॉक्टर म्हणतात, ताण असेल. असेल. मी स्वतःला पंप, व्हॉल्व्ह, वायर, मनाचे खेळ, सगळं विचारून झालं. रेखावहिनी म्हणाल्या, हल्ली हे श्वास घेतात तेव्हा शेवटी नाकात टुक् वाजतं, आधी कधी वाजत नव्हतं. नाकाचा डॉक्टर म्हणाला, नाक सरळ आहे. मला खुलासा मिळालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचला तर जरूर लिहा, मी हसणार नाही.

परवा विजूदादा स्टुडिओत आला तेव्हा खिशात विडीचं बंडल नव्हतं. मी चिडवलं, म्हातारपणी शहाणपण सुचलं वाटतं? तर म्हणाला, "मी ओढली की तिकडं अशोकला खोकला लागतो गं."

मी हसले नाही.