माठावरचा फोन

बाबांचा फोन हळू होता, आणि त्याचा त्रास बाबांना नव्हता, मला होता. आई गेल्यावर ते नेरच्या घरी एकटेच राहायचे. दुपारी फोनमधले तिचे फोटो उघडायचे. एक फोटो दिसेपर्यंत पडद्यावर चक्री फिरत राहायची आणि बाबा शांतपणे तिच्याकडे बघत बसायचे. मी यवतमाळहून गेलो की ते बघून माझा जीव वरखाली व्हायचा.

"नवा घेऊन देतो," मी म्हणायचो.

"मले कायची घाई हाये?"

घाई मलाच होती. प्रोसेसरची क्लॉक स्पीड ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर नेता येते आणि मग फोन जोरात पळतो, हे मी इंटरनेटवर वाचून शिकलो होतो. एका रविवारी फोटो लॅपटॉपवर काढून घेतले, फोन पुसून कोरा केला, आणि सव्वा गिगाहर्ट्झवर निवांत चालणाऱ्या त्या बिचाऱ्याला पावणेदोनवर नेऊन ठेवलं. मग फोटो परत भरले. आता त्याला वीज जास्त लागणार, तो तापणार, फार तापला की आपोआप बंद पडणार, हेही वाचलं होतं. वाचलं आणि सोडून दिलं.

आईचा फोटो बोट लावताच उघडला, तेव्हा बाबा पोरासारखे हसले. शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. "माह्या पोरानं केला. आता माह्यापेक्षा तेज पयते!"

एप्रिल लागला तसा फोन दुपारी बंद पडू लागला. बाबांनी कुरकुर केली नाही. ते तो माठाच्या झाकणावर ठेवायचे आणि निवला की सुरू करायचे. पुढच्या रविवारी येतो, स्पीड कमी करतो, असं मी सांगत राहिलो. तीन रविवार असेच गेले.

मग एका दुपारी फोन बंद लागला. तापला असेल, म्हटलं. संध्याकाळीही बंद. माठावर विसरले असतील, म्हटलं आणि जेवायला बसलो. बंद फोनची मला सवय झाली होती, आणि ती मीच माझ्या हातांनी लावून घेतली होती.

सकाळी काकूंचा फोन आला. बाबा स्वयंपाकघरात माठाजवळ पडलेले होते, आदल्या दुपारपासून. एक बाजू गेली होती. डॉक्टर म्हणाले, कालच आणलं असतं तर.

दवाखान्यात मी कान बाबांच्या तोंडाशी नेला. जीभ जड झाली होती. "तुले लावत होतो. सुरूच नाई झाला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुही चूक नाई. ऊनच लय होतं."

तिसऱ्या दिवशी ते गेले.

तेरवी झाल्यावर मी फोनची स्पीड होती तिथे आणून ठेवली. आता तो तापत नाही. आईच्या फोटोंनंतर शेवटी बाबांचा एक आहे, त्या रविवारी मीच काढलेला, हसतानाचा. तो उघडायला फार वेळ लागतो. मी थांबतो. हे थांबणं मला तेव्हा जमलं असतं, तर बाबा आज असते.