भाताशिवायचं ताट

आमच्या भागात कोणाला "जेवला का" म्हणून विचारलं आणि त्यानं नुसती पोळी खाल्लेली असली, तर तो सांगतो, "नाई, अजून जेवाचं आहे." पोळी पाहुण्यासाठी, सणासाठी. जेवण म्हणजे भात. सकाळी आदल्या दिवशीचा पाण्यात ठेवलेला भात, दुपारी ताजा, संध्याकाळी पुन्हा ताजा. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी आमच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, येत होतं, आणि जिकडे पाहाल तिकडे धानच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ज्वारीची भाकरी थापता येत नव्हती. येण्याचं कारणही नव्हतं. ज्वारी खाणारे लोक तिकडे वर्धा-नागपुराकडे, आम्हाला त्यांची थोडी कीवच यायची.

अशा घरात ह्यांचा भात बंद झाला. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. मी तेव्हा दोन लेकरांची आई, आणि घरात आम्हा चौघांवर सासूबाई. त्यांना मी माय म्हणायची.

झालं असं की रोवण्याच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत ह्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात काटा गेला. काटा निघाला, पण जखम काही भरेना. हळद भरली, कडुनिंबाच्या पाण्यानं धुतली, पोळा गेला, दसरा आला, तरी अंगठा ओला तो ओलाच. शेवटी मीच हट्ट केला. ह्यांनी स्वतःच बैलगाडी हाकली तिरोड्यापर्यंत, तिथून रेल्वेनं गोंदिया. डॉक्टर हिंदीच बोलायचे, वय झालेले, आवाज हळू. त्यांनी जखम पाहिली आणि जखमेबद्दल न विचारता भलतंच विचारलं, लघवीच्या जागी मुंग्या लागतात का म्हणून. हे माझ्याकडे पाहू लागले. मी खाली पाहिलं. परसातल्या मुंग्या कितीदा तरी मी झाडून काढल्या होत्या, आणि गुळाचं पाणी कुठं सांडतं म्हणून लेकरांना रागावले होते.

लघवीत साखर निघाली. सुईचं औषध नागपुरात मिळत होतं, पण लढाईमुळे कधी येई, कधी नाही. म्हणून डॉक्टर म्हणाले, आधी तोंड बांधा. भात बंद, गूळ बंद, बटाटा, केळी, मोहफुलं बंद. चण्याचं पीठ मिसळलेल्या गव्हाच्या दोन पोळ्या चालतील, पालेभाजी हवी तेवढी, पातळ वरण, ताक. महिन्याभरात लघवीतली साखर उतरली नाही तर अंगठा कापावा लागेल. आणि अंगठ्यावर थांबेलच असं सांगता येत नाही.

आता अंगठा म्हणजे काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पावसाळ्यात दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चालून पाहा. हातभर रुंद चिखलाची वाट, दोन्ही बाजूंनी पाणी. तिथं माणूस अंगठ्यानं चालतो. अंगठा चिखलात रुतवून पाय धरून ठेवतो, मग दुसरा उचलतो. ज्याचा अंगठा गेला तो धुऱ्यावर लेकरासारखा घसरतो. परतीच्या गाडीत हे फक्त एवढंच म्हणाले, "अंगठा गेला तं मी बांधीत कसा उतरन वो?"

मी ठरवलं, अंगठा ठेवायचा.

पोळ्या रोज करायला घेतल्या. चण्याचं पीठ मिसळलं की पोळी लाटताना काठाला फाटते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. ह्यांनी ती हातात धरून उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाले, यातून तर तलाव दिसून राहिला. मग मी कणीक जरा सैल भिजवून झाकून ठेवू लागले, तेव्हा जमलं. पालेभाज्यांची मात्र आम्हाला ददात नव्हती. अंबाडी, तरोटा, चवळीचा पाला, पुढं लाखोळीची कोवळी पानं. कारली तर मी इतकी केली की लेकरं चुलीजवळ येईनात. मी रात्री निजताना उद्याचं ताट डोळ्यासमोर मांडायची, सकाळी काय, दुपारी काय, कालची भाजी आज नको. एवढा विचार मी लग्नाच्या पंगतीचाही केला नव्हता.

तलावाच्या मासोळ्या आल्या की फार जीव जायचा. मासोळीचा रस्सा आणि पोळी. ह्यांनी एक घास खाल्ला आणि ताट सरकवून म्हणाले, यापेक्षा करेलं दे, त्याच्याकडून मले काही आशा तरी नाही.

मायला हे सगळं पटत नव्हतं. त्यांच्या हिशेबानं अंगात ताकद नाही म्हणून जखम भरत नव्हती, आणि ताकद भातात. शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणायच्या की सुनेनं माझ्या पोराला उपाशी धरलं आहे. मी ऐकून घ्यायची, पण मनात मलाही ते लागायचं, कारण हे खरंच सुकत चालले होते. धोतराचा कासोटा दुहेरी खोचावा लागे.

आम्हा बायकांची रीत होती नवऱ्याच्या ताटात मागून जेवायची. त्यांचं झालं की त्याच ताटात मी बसायची. पण त्या ताटात भात वाढून घ्यायला माझा हात होईना. मग मीही त्यांची उरलेली अर्धी पोळी खायची. ती अर्धी पोळी ते मुद्दाम ठेवत होते हे मला फार दिवसांनी समजलं.

आणि रोज सकाळी आणि संध्याकाळी मी त्यांना पेलाभर पेज द्यायची. भात शिजला की वरचं दाट पाणी गाळून काढतो ती पेज. घरच्यांचा भात होताच, पेज निघायचीच. तिच्यात मीठ, थोडं ताक, वरून जिऱ्याची पूड. आजारी माणसाला पेज द्यावी हे मला कोणी शिकवलं नव्हतं, ते आम्ही आईच्या कुशीतूनच शिकून येतो. बाळंतिणीला पेज, तापकऱ्याला पेज, दात नसलेल्या म्हाताऱ्याला पेज. भाताचं शीत एक नाही, नुसतं पाणी. पेज पिताना ह्यांचा चेहरा असा काही निवायचा की मला वाटे, चला, एवढं तरी लागतंय अंगाला.

डॉक्टरांनी एक काचेची नळी आणि बाटलीभर निळं औषध बरोबर दिलं होतं. नळीत औषध घ्यायचं, त्यात लघवीचे मोजके थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं झालं तर फार. हे काम चुलीवर करायचं म्हटल्यावर मायनं तोंडाला पदर लावला. मग मी परसात, गोठ्याच्या मागं, गोवरीच्या विस्तवावर चिमट्यात नळी धरून बसायची. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "का शिजवून राहिली वो?" मी सांगायची, काढा.

काढा रोज विटेच्या रंगाचा होत होता.

पहिला आठवडा मी म्हटलं, होईल हळूहळू. दुसऱ्या आठवड्यातही तोच रंग. तिसऱ्या आठवड्यात माझं मन फिरलं. मी जे देते त्यात काही नाही, मग साखर येते कुठून? म्हणजे हे बाहेर खात असणार. धानाची कापणी सुरू झाली होती, बांधीत मजूर बायका शिदोऱ्या सोडून बसायच्या, त्यांच्यात हे बसत असणार. मी गुळाची भेली पेटीत घालून किल्ली कमरेला लावली. मायला विचारलं, तुम्ही तर देत नाही ना लपून? त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि एका दुपारी मी निरोप-बिरोप काही नसताना बांधीवर गेले. हे धुऱ्यावर बसले होते, पायाला फडकं बांधलेलं, एकटेच. शिदोऱ्या पार दुसऱ्या टोकाला. तरी मी म्हटलं, कोणी दिला भात?

ते उठले, माझ्या अगदी जवळ आले आणि म्हणाले, "माह्या तोंडाचा वास घेऊन पाय."

आणि मी घेतला. तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत मी कोणाकोणाला काय काय बोलले असेन, पण ती एक गोष्ट मला अजून टोचते. ताकाचा आणि जिऱ्याचा वास येत होता. बाकी काही नाही.

महिना भरला तशी आम्ही पुन्हा गोंदियाला गेलो. डॉक्टरांनी स्वतः नळी उकळून पाहिली आणि ह्यांच्याकडे जरा कडक नजरेनं पाहिलं. हे मान खाली घालून बसले. मग डॉक्टर मला म्हणाले, बाई, सकाळी उठल्यापासून काय काय देता ते सगळं सांगा, पाणी दिलं तेही सांगा. मी सुरुवात केली. उठल्यावर पेलाभर पेज, मग...

"पेज? चावल की?"

मी म्हटलं, भाताचीच, पण शीत नाही हो एक, गाळून देते. नुसतं पाणी.

ते रागावले नाहीत. त्यांनी ह्यांच्या धोतराकडे बोट दाखवलं. गोंदियाला जायचं म्हणून मी ते आदल्या दिवशी खळ देऊन वाळवलं होतं, पाटासारखं कडक उभं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "ये कलफ काहे का है?"

मी म्हटलं, पेजेचं.

पुढं त्यांना काही सांगावंच लागलं नाही. ज्या पाण्यानं मी कपडा उभा करत होते, त्यात काही नसतं असं मी कसं धरून चालले होते? अर्धा भात तर मी रोज दोन वेळा पेल्यात घालून त्यांना पाजला होता, आणि वरून त्यांच्या तोंडाचा वास घेतला होता. डॉक्टर म्हणाले, पेज बंद करा आणि आणखी पंधरा दिवस पाहू. नाही उतरली तर नागपूरला जाऊन अंगठा कापायचा.

परत येताना डब्यात गर्दी नव्हती. मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. हे काही वेळानं म्हणाले, "रडते कायले? मले शंका होती."

मी वळून पाहिलं. म्हटलं, कशाची शंका?

"पेजेची. ज्या दिवशी तू जास्त पाजे त्या दिवशी नळी जास्त लाल होये."

मी म्हटलं, मग बोलले काऊन नाही, मी तुम्हाला बांधीवर काय नाही ते बोलले, तेव्हा तरी सांगायचं होतं, अंगठा जात होता तुमचा. माझा आवाज चढला, समोरच्या बाकावरची बाई पाहायला लागली. हे खिडकीबाहेर कापलेल्या बांध्या पाहत म्हणाले, "सांगतलं असतं तं तेबी गेलं असतं. तेवढंच भातासारखं लागत होतं."

मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं की दोन्ही एकदम आवरावं लागलं. असा माणूस होता. अंगठ्याची भीती त्यांनाच जास्त, आणि पेल्याचा मोहही त्यांनाच.

पेज दुसऱ्या दिवसापासून गाईला जाऊ लागली. आठवडा झाला आणि नळीतलं पाणी पिवळं दिसलं. मग हिरवट. पंधरावा दिवस उजाडायच्या आत एका सकाळी ते निळंच राहिलं. मी ती नळी चिमट्यात धरून तशीच घरात पळाले, चुलीपाशी, मायच्या पुढ्यात. विटाळ-बिटाळ काही आठवलं नाही. त्यांनी नळी हातात घेतली नाही, पण वाकून नीट पाहिली आणि म्हणाल्या, आज त्याले पोळीवर तूप जास्त वाढ.

नागपूर टळलं. जखम आतून भरत आली, महिन्याभरानं वर पातळ गुलाबी कातडी धरली. नख पुन्हा नीट आलं नाही, वाकडंच राहिलं, पण अंगठा राहिला. पुन्हा गोंदियाला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तो दाबून पाहिला आणि हे लगेच म्हणाले, आता भात? त्यांनी हात पुढं करून मूठ दाखवली आणि म्हणाले, दुपारी एक मूठ, शिजलेला.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला, मूठ कोणाची. हे म्हणत, डॉक्टरनं मला सांगितलं म्हणजे माझी मूठ. ह्यांची मूठ नांगर धरणाऱ्याची, तीत पसाभर मावे. माय म्हणाल्या, सांगणाऱ्याची मूठ धरावी, म्हणजे डॉक्टरची. मी म्हटलं, रांधणारीची. त्यावर बराच वेळ वाद चालला, लेकरंही आपापल्या मुठी घेऊन आली. शेवटी माझीच ठरली, कारण पळी माझ्या हातात होती.

त्या दुपारी मी त्यांना मूठभर भात वाढला, वर काहीच नाही. त्यांनी वरण घेतलं नाही, भाजी घेतली नाही. चार-चार शितं करून खात होते. मी चुलीकडे तोंड करून बसले.

पुढं सोळा-सतरा वर्षं त्यांच्या भाताचं माप माझी मूठच राहिली. खरं सांगायचं तर सणावाराला ती थोडी सैल व्हायची. दुसऱ्या दिवशी नळी हिरवी निघायची, हे माझ्याकडे पाहायचे, मी त्यांच्याकडे, आणि मी नळी धुऊन ठेवून द्यायची.